फळ्यावर गाळलेली ओळ

माझं अक्षर चांगलं होतं. हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं, की माझ्यात दुसरं काही चांगलं आहे का हे पाहायचं राहूनच गेलं. सौंसरच्या आमच्या शाळेत व्हरांड्याच्या भिंतीला एक लांबलचक काळा फळा होता. त्यावर कोणी शिकवत नसे. मधोमध पांढऱ्या तेलरंगाची उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे 'कौतुक' आणि उजवीकडे 'येत्या आठवड्यात' असे दोन मथळे कायमचे रंगवलेले होते. कोणाला कशात पहिला नंबर मिळाला, कोणी खो-खोत शाळेची लाज राखली, कोणाचं चित्र प्रदर्शनात लागलं, हे सगळं डावीकडे यायचं. शनिवारची कवायत, वाफ्यांना पाणी घालायची पाळी कोणत्या वर्गाची, तपासणीसाहेब कधी येणार, परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे, हे उजवीकडे. दर शुक्रवारी शाळा सुटली की तो फळा मी लिहीत असे. मॅट्रिकच्या वर्गात गेले तेव्हा हे काम माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती.

हेडमास्तरांची कामाची एक पद्धत होती. आठवडाभरात आलेले सरकारी कागद ते शुक्रवारी माझ्या हातात देत आणि म्हणत, "यातलं मुलांच्या कामाचं काढ." मी व्हरांड्यात बसून ते वाचायची, एकेका कागदाच्या दोन-दोन ओळी करायची, त्या फळ्यावर उतरवायची आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खूण झालेला कागद फाइलीत जायचा. शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी हेडमास्तर हात मागे बांधून फळ्यासमोर उभे राहत आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत. बाकीचे मास्तरही वाचत. सुरुवातीला हे माझं कौतुक म्हणून होतं, मग त्याची सवय झाली. कागद आधी इंग्रजीत यायचे, मग हिंदीत येऊ लागले, आणि दोन्हीकडे एका साध्या गोष्टीला पानभर लागायचं. फळ्यावर ती गोष्ट मराठीत, दोन ओळींत, माझ्या अक्षरात असायची. मग मूळ कागद कोण वाचतो? फळ्यावर होतं तेवढंच शाळेला ठाऊक असायचं. सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं देऊ नये, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी खडूची पेटी घेऊन व्हरांड्यातून चालायची ती तहसीलदारीणबाईंच्या तोऱ्यात.

ते वर्ष राज्यांच्या पुनर्रचनेचं होतं. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती. एका सकाळी नागपूर मुंबईवाल्यांच्या राज्यात गेलं, आणि आम्ही जिथल्या तिथे मध्य प्रदेशातच राहिलो. राज्याचं नावही तेच राहिल्यामुळे कित्येकांना काही बदललंय हे कळायलाच वर्ष गेलं. माझे वडील तहसीलीत कारकून होते. ते जेवताना म्हणायचे, "आता आपलं सगळं भोपाळ अन् जबलपूर. हिंदी सुधारा बापा आता." आई म्हणायची, "भोपाळ कोणी पाहिलं?" आणि विषय संपायचा. नागपूर मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीत बसलं की लोधीखेडा, सावनेर करत नागपूर यायचं. चष्मा तिकडचा, लग्नाचं लुगडं तिकडचं, मोठं दुखणं झालं तर डॉक्टर तिकडचा, मॅट्रिकचा निकालही तिकडूनच यायचा. हे सगळं एका हुकमानं दुसरीकडे जातं, हे कानानं ऐकलं तरी अंगात मुरायला वेळ लागतो. आमच्या अंगात ते मुरलं नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्गात मुली दोनच. मी आणि माझी मैत्रीण. ती दीड कोसावरच्या खेड्यातून रोज चालत यायची. घरी संत्र्याची बाग होती, कापसाचं वावर होतं, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. तिच्या वडिलांना मी काकाजी म्हणायची. माणूस उंच, कमी बोलणारा, आणि बोलला तर कोणावर तरी रागावला आहे असंच वाटायचं. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग पाण्यात बुडाल्यावर दिसेल तसं. पण डोक्यात हिशोब असा चालायचा, की गणिताचे मास्तर प्रश्न सांगताना शेवटचा आकडा मुद्दाम उशिरा सांगत. नाहीतर बाकीच्या वर्गाला करायला काही उरतच नसे.

त्या हिवाळ्यात पांढुर्ण्याला आसपासच्या शाळांची तोंडी गणिताची स्पर्धा झाली. आम्ही पाच-सहा जण एका मास्तरांबरोबर मोटारीनं गेलो. रस्ताभर धूळ, आणि पांढुर्ण्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, त्यातून शाळेपर्यंत पोचेस्तोवर आमच्या केसांत कापूस अडकला होता. स्पर्धेत सगळी मुलंच होती. मुलगी म्हणून ही एकटी उभी. एकेक जण गळत गेला, शेवटी ही आणि पांढुर्ण्याचाच एक मुलगा राहिले. परीक्षकांनी विचारलं, आठ माणसं एक वावर पंधरा दिवसांत वेचतात, तर बारा माणसांना किती दिवस लागतील?

"दहा," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "पण गुरुजी, यात बाजाराचा दिवस धरला नाही तुम्ही. बाजाराच्या दिवशी कोनी येत नाही वेचाले."

अख्खा हॉल हसला. परीक्षकही हसले आणि म्हणाले, "ही मास्तरीण होणार." पहिला नंबर तिचा आला.

येताना मोटारीत ती माझ्या शेजारी बसली होती. बक्षिसाचं पुस्तक पदराखाली धरून. मला म्हणाली, "तुले एक सांगतो, कोनाले सांगजो नको. मले खरंच मास्तरीण व्हायचं हाय." नागपूरला मुलींचं ट्रेनिंग होतं. मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींनी आधीच फॉर्म भरायचा, शाळेनं शिफारस करायची, पालकानं सही करायची. वरून निवडीचं पत्र आलं, की निकालानंतर जायचं. सगळे त्या पत्राला 'आडर' म्हणत. तिच्या घरी एक स्थळ सांगून आलं होतं, पांढुर्ण्याकडचं, चांगलं. काकाजींनी त्या लोकांना वैशाखापर्यंत थांबायला सांगितलं होतं. "आडर आली तर बाबा पाठवतीन बहुतेक. नाही आली तर वैशाखात लगन." एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तिला म्हटलं, "आडर येते. तुह्यासारखी दुसरी कोण हाय?" मला त्यात काही शंका नव्हती.

त्या शुक्रवारी मी फळा लिहायला घेतला तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि तो सगळा मला फळ्यावर काढायचा होता. डावीकडे मी तिचं नाव वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं. त्याच्याभोवती रंगीत खडूनं वेल काढली, वेलीला कापसाची बोंडं काढली, चारी कोपऱ्यांत संत्री काढली. नाव एवढं मोठं झालं की मधली पांढरी रेघ ओलांडून उजवीकडे गेलं. मला ते पुसावंसं वाटलं नाही. उजवीकडे मग थोडीच जागा राहिली, आणि आठवड्याचे कागद चार होते.

त्यातला एक कागद ट्रेनिंगच्या फॉर्मचा होता. सायक्लोस्टाईल केलेला, हिंदीत. वरच्या भागात फॉर्म कोणी भरायचा, कधीपर्यंत भरायचा हे होतं. मधे काहीतरी स्टेशनरीबद्दल होतं. आणि शेवटी एक ओळ होती, की यापुढे या जिल्ह्यातल्या शाळांनी अर्ज जबलपूरच्या कार्यालयाकडे पाठवायचे, नागपूरकडे गेलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. ही ओळ मी वाचली होती. माझ्याकडून नजरचूक झाली असं मी कधी म्हणू शकले नाही, कारण ती झाली नव्हती. मी वाचली आणि मनात म्हटलं, पत्ता लिहिणं हे ऑफिसचं काम आहे, मुलांचं नाही. खरं कारण एवढंच होतं की जागा नव्हती. ती ओळ बसवायची तर एका कोपऱ्यातलं संत्रं पुसावं लागलं असतं. मी लिहिलं, 'मुलींच्या ट्रेनिंगचे फॉर्म कार्यालयात मिळतील', खाली शेवटची तारीख लिहिली, आणि कागदावर बरोबरची खूण केली.

शनिवारी सकाळी हेडमास्तर फळ्यासमोर उभे राहिले. "रेघ ओलांडलीस," ते मला म्हणाले, पण हसून. माझी मैत्रीण आली आणि फळा पाहून व्हरांड्याच्या खांबाआड जाऊन उभी राहिली. "अवं, एवढं मोठं काहून लिहिलं? सारे पाहून राहिले माह्याकडे." तिचे कान लाल झाले होते. ती दिवसभर कारण काढून त्या व्हरांड्यातून जात होती.

फॉर्म भरायला हेडमास्तरांनी मलाच बसवलं. तिच्या अक्षरात फॉर्म गेला असता तर वाचणाऱ्यानं आधी चष्माच बदलला असता. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. ती म्हणाली, घरी नेऊन बाबांना विचारायची हिंमत होत नाही, चार दिवसांनी विचारते. त्या चार दिवसांच्या आतच, एका दुपारी, ती वर्गात असताना काकाजी स्वतः शाळेत आले. मी तेव्हा हेडमास्तरांच्या खोलीत एक यादी उतरवत होते. धोतर झाडून ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "तो कागद हाय म्हने पोरीचा. द्या, सही करतो."

मला माहीत होतं की काकाजी अंगठा देत. हेडमास्तरांनी शाईची गादी पुढे केली. काकाजींनी ती बाजूला सारली आणि लेखणी मागितली. आणि मग इतक्या सावकाश, इतकं दाबून त्यांनी आपलं नाव लिहिलं, की खालच्या टिपकागदावरही ते उठलं. सही झाल्यावर ते माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. "पंधरा दिवस पाटीवर गिरवून राहिलो होतो. पोरगी झोपली का बसो." मग म्हणाले, "बाई, तिले सांगजो नको आताच. आडर येऊ दे. आधी सांगितलं तर आस लागते मनाले, अन् मंग नाही आली तर पोरगी मोडते. मी घरी रागातच राहतो तोवर." मी मान हलवली. मला तो बेत फार गोड वाटला होता.

ते बाहेर पडले तेव्हाच नेमका तास संपला आणि तिनं त्यांना व्हरांड्यात पाहिलं. "बाबा, तुमी इथं?" "काही नाही, सहज आलो होतो," म्हणून ते निघून गेले. ती माझ्याकडे आली, विचारू लागली, आणि मीही म्हटलं, "सहज आले असतीन." सहीचं तिला मी नंतर सांगितलं, की हेडमास्तरांनी व्यवस्था केली आहे, तू काळजी करू नको. तिला वाटलं, सहीशिवायच काहीतरी जमवलंय.

पाकिटावर पत्ता मी लिहिला. नागपूरचा. इतक्या वर्षांत किती पाकिटांवर तो पत्ता लिहिला होता, हात आपोआप चालला. हेडमास्तरांनी पाहिला आणि "छान" म्हटलं. त्या क्षणी मला त्या ओळीची आठवणसुद्धा झाली नाही. पाकीट छोट्या गाडीच्या टपालानं गेलं.

पुढचे दोन महिने ती रोज विचारायची. आधी मला, मग मी हेडमास्तरांना. काही आलं नाही. परीक्षा झाली. परीक्षेनंतर ती घरी राहू लागली आणि मी शाळेत ऑफिसच्या नोंदी उतरवून द्यायला जात होते. एके सकाळी टपालात ते पाकीट परत आलं. माझ्याच अक्षरातला पत्ता, वर शिक्के, आणि आत फॉर्मच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेलं, की हा अर्ज आमच्या अखत्यारीतला नाही, जबलपूरला पाठवावा. तारीख तर केव्हाच उलटून गेली होती.

हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग उठून फाइल काढली आणि एकेक कागद उलटत गेले. त्यांचा हात एका कागदावर थांबला. कोपऱ्यात माझी खूण होती. त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि वर पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कागद मी वाचायला पाहिजे होता. हेडमास्तर मी आहे." त्यांनी त्याच दिवशी जबलपूरला विनंतीचं पत्र लिहिलं. स्वतःच्या अक्षरात. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं की जागा भरल्या आहेत. मग त्यांनी ते सगळं टेबलाच्या खणात ठेवलं आणि मला म्हणाले, "तिला सांगू, निवड झाली नाही. उगाच आणखी त्रास कशाला द्यायचा?" मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मला आजही विसरता येत नाही. सतरा वर्षांची होत आलेली मुलगी, मैत्रिणीचं आयुष्य खणात बंद होताना पाहते, आणि तिला बरं वाटतं.

कोणी म्हणेल, वेळेत जबलपूरला अर्ज गेला असता तरी काकाजींनी पोरीला एवढ्या लांब पाठवलं असतं का? मीही स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं आहे. नसतं पाठवलं कदाचित. पण ते त्यांनी ठरवायचं होतं.

वैशाखात लग्न झालं. हळदीच्या दिवशी मी तिच्या घरी होते. बायका अंगणात गात होत्या, ती खोलीत पिवळी होऊन बसली होती. मी जवळ बसले. ती हळू आवाजात म्हणाली, "फारम गेलाच नाही. मले माहीत हाय."

मी विचारलं, "कोण म्हटलं?"

"कोनाले म्हनाले पाहिजे? मी पाहिलं ना बाबाले हापिसातून निघताना. सहज आलो म्हने. हेडमास्तरले सांगून थांबवला त्याइनं. स्थळ सुटलं असतं ना." तिचा आवाज एवढा सपाट होता की मला भीती वाटली. "तू तिथंच होती त्या दिवशी. काय बोलले?"

मला फक्त सांगायचं होतं. सही केली, पाटीवर पंधरा दिवस गिरवून केली, तुला सांगू नको म्हणाले. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण त्यानंतर तिनं विचारलं असतं, मग फॉर्म गेला कुठे? आणि तिथून माझ्यापर्यंत यायला तिला एक क्षण लागला नसता. ती हिशोबात हुशार होती.

"काय माहीत," मी म्हटलं. "मी लिहून राहिली होती, लक्ष नव्हतं माहं."

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, भावाच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. काकाजी गाडीचा दांडा धरून उभे होते. त्यांच्या पायाला हात लावून ती गाडीत चढली, वर न पाहता. काकाजी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, "आडर आली असती तर बरं झालं असतं. तिच्या नशिबात नव्हती." त्यांनीही तिला काही सांगितलं नाही, हे मला तेव्हा कळलं. पोरीची निवड झाली नाही, त्यात आपण सही केली होती हे सांगून काय मिरवायचं, असं त्यांना वाटलं असावं. आणि लोकांना वाटलं, पोरगी सासरी जाण्याच्या दुःखात आहे.

पुढच्या वर्षी ट्रेनिंगचे अर्ज बरोबर पत्त्यावर गेले. मॅट्रिक होऊन गेलेल्या मुलींनाही भरता यायचा, त्यात एक माझा होता. फळ्याचं काम हेडमास्तरांनी माझ्यानंतर कोणाला दिलं नाही, कागद ते स्वतः वाचायला लागले. मी जबलपूरकडे जाऊन ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले, आणि सौंसर तालुक्यातच एका शाळेत लागले. गणित मला कधी धड जमलं नाही. ते मी मुलांना शिकवत होते.

ती मला लग्नाकार्यात भेटायची. मी दुसऱ्या खोलीत जायची, किंवा कोणाच्या तरी मुलाला कडेवर घ्यायची. ती माहेरी फारशी येत नव्हती. आली तरी काकाजींच्या ताटात वाढायची आणि आत जायची, असं तिची वहिनी सांगायची. वहिनीला वाटायचं, सासर चांगलं आहे म्हणून पोरगी शेफारली. एकदा बाजारात काकाजी भेटले. संत्र्याची टोपली मला देऊन म्हणाले, "तिची भेट झाली तर सांगजो, कवा दोन दिस राहाले ये म्हना." मी हो म्हटलं. त्या वेळी तरी मी जायला हवं होतं. मी संत्री घेऊन घरी आले, आणि आठवडाभर ती कोणालाच खाऊ दिली नाहीत, मग सडली.

काकाजी गेल्याचं मला उशिरा कळलं. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली होती. महिनाभर मी घरात बसून राहिले. मग एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला गेले. तिचं सासर दर शनिवारी दर्शनाला येतं हे मला माहीत होतं. ती भेटलीच. तिची मुलगी पाच-सहा वर्षांची असेल, ती झाडाखाली खडे मांडून खेळत होती. सासरची माणसं रांगेत होती. मी तिला बाजूला बसवलं आणि सांगितलं.

सगळं सांगितलं, क्रमानं. संत्रं पुसावं लागलं असतं ते सांगितलं, पाकिटावरचा पत्ता सांगितला, खण सांगितला. हळदीच्या दिवशी मी खोटं बोलले ते सांगितलं. मी क्षमा मागितली, रडले, ती माझ्याकडे पाहत होती खरी, पण मला वाटतं माझं काही तिला ऐकू येत नव्हतं. माझ्या चुकीत तिला काही रस नव्हता. तिनं एकच विचारलं.

"सही बाबानं केली?"

"हो."

"अंगठा देला असन."

"नाही. सही केली. शिकून."

तिनं पदर नीट केला. लोक नारळ फोडत होते, कोणी तरी प्रसाद आणून आमच्या हातावर ठेवून गेलं. तो तिनं मुठीत तसाच धरून ठेवला.

"बाबा खाटेवर पडले होते तवा भाऊ दमनी जुंपून आला होता मले न्याले," ती म्हणाली. "तीन दिवस माहंच नाव घेऊन राहिले म्हने. मी सांगितलं, पोरीले ताप हाय, येता येत नाही. तो वापस गेला."

मुलगी खडे मांडत होती. माझी मैत्रीण तिच्याकडे पाहत राहिली.

"ताप नव्हता," ती म्हणाली.